ॲडमिरलचा जमाखर्च

डिसेंबर १९७१. मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांच्या काचांना आम्ही मुलांनी खळ लावून खाकी कागद चिकटवले होते, आणि घरातून उजेडाची तिरीप जरी बाहेर गेली तरी चाळीच्या चौकातून हाळी यायची. अशाच एका संध्याकाळी रेडिओभोवती कोंडाळं करून बसलेल्या मोठ्या माणसांच्या तोंडी दोन शब्द आले आणि घरातलं बोलणंच थांबलं. सातवं आरमार. अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं होतं. त्यात ‘एंटरप्राइज’ नावाची अणुशक्तीवर चालणारी अवाढव्य विमानवाहू नौका आहे, एवढं आम्हा शाळकरी पोरांना कळलं. बाकी सगळी भीती ऐकीव होती.

पुढे बँकेत लागलो. फोर्टातल्या शाखेतून संध्याकाळी सुटल्यावर फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तकं चाळत उभं राहायची सवय लागली. तिथे एक दिवस ‘ऑन वॉच’ नावाचं जाडजूड आत्मचरित्र हाती आलं. लेखक होते ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट. १९७१ च्या त्या डिसेंबरात अमेरिकेच्या नौदलाचे प्रमुख हेच होते. ज्याच्या जहाजांची आपण लहानपणी धास्ती घेतली, तो माणूस होता तरी कसा, या कुतूहलाने पुस्तक घेतलं. वाचता वाचता लक्षात आलं की सातव्या आरमाराची ती तुकडी नेमकी कशासाठी पाठवली, हे धड कुणी सांगितलं नाही म्हणून खुद्द नौदलप्रमुखही नाराज होते. आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, जगातल्या सर्वांत मोठ्या विमानवाहू नौकांचा हा धनी आपली हयात लहान जहाजांची वकिली करण्यात घालवत होता.

त्या डिसेंबरात बंगालच्या उपसागराशी तीन जहाजांची नावं जोडली गेली. एक ‘एंटरप्राइज’, सुमारे नव्वद हजार टनांची. तिच्याच तुकडीत ‘ट्रिपोली’ नावाचं दुसरं जहाज होतं. त्याचं काम नौसैनिकांची पलटण हेलिकॉप्टरमधून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवण्याचं. तिसरी आपली ‘विक्रांत’, अवघी वीस हजार टनांची, बॉयलरला तडा गेल्यामुळे वेग मर्यादित झालेली. मोठी नौका आली आणि काही न करता परत गेली. लहानीच्या ‘सी हॉक’ विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगावची बंदरं व धावपट्ट्या झोडपल्या. नौदलाला केवढं जहाज पुरतं, आणि सैनिक उतरवणाऱ्या जहाजावरून लढाऊ विमानं उडवावीत का, हा प्रश्न त्याच सुमारास झुमवॉल्ट यांच्या टेबलावर होता. आज पन्नास वर्षांनंतरही तो तिथेच आहे. टेबलापाशी बसणारी माणसं बदलली आहेत.

झुमवॉल्ट यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९२० चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वाढले ते कॅलिफोर्नियातल्या टुलारे या शेतीवाडीच्या गावी. आई आणि वडील दोघंही डॉक्टर. मुलाचाही ओढा वैद्यकीकडेच होता. पण १९३९ मध्ये तो अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत दाखल झाला आणि १९४२ मध्ये बाहेर पडला तो थेट महायुद्धात. नेमणूक मिळाली विनाशिकेवर, म्हणजे विमानवाहू नौका आणि युद्धनौका यांच्या मानाने धाकट्या पातीच्या जहाजावर.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीत एक रात्रीची लढाई झाली. अंधारातून पुढे घुसून जपानच्या अजस्र युद्धनौकांवर टॉर्पेडो सोडणाऱ्या विनाशिकांमध्ये ‘रॉबिन्सन’ होती, आणि तिच्या नियंत्रण कक्षात तेवीस वर्षांचे झुमवॉल्ट होते. त्या रात्रीच्या कामगिरीबद्दल त्यांना पदक मिळालं. लहान जहाजं पुष्कळ असली आणि ती धीटपणे वापरली, तर काय होऊ शकतं, हे त्यांनी ऐन उमेदीत पाहिलं होतं.

युद्ध संपल्यावर ताब्यात घेतलेली एक जपानी गनबोट, तिच्यावरच्या जपानी खलाशांसकट, शांघायला नेऊन पोचवण्याचं काम त्यांच्यावर आलं. त्या शहरात एका मेजवानीला त्यांची मूझा या तरुणीशी ओळख झाली. वडील फ्रेंच, आई रशियन, मुलगी मांचुरियात वाढलेली. काही आठवड्यांतच दोघांनी लग्न केलं. हा संसार चौपन्न वर्षं टिकला आणि त्यात पुढे जे आलं ते या बाईंनी नवऱ्याच्या बरोबरीने सोसलं.

नौदलात झुमवॉल्ट भराभर चढत गेले. १९६५ मध्ये ४४ व्या वर्षी रिअर ॲडमिरल झाले. १९६८ च्या सप्टेंबरात त्यांना व्हिएतनाममधल्या नौदलाची सूत्रं मिळाली. हे नौदल म्हणजे समुद्र नव्हे. मेकाँगच्या खोऱ्यातल्या गढूळ नद्या, चिंचोळे कालवे आणि त्यांतून फिरणाऱ्या छोट्या गस्ती बोटी. दोन्ही काठांना दाट झाडी. झाडीत दबा धरून बसलेला शत्रू काही हातांवरून गोळ्या झाडी. झुमवॉल्ट यांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे दर महिन्याला शंभरात सहा खलाशी मरत किंवा जखमी होत होते. वर्षभराची नेमणूक धरली, तर शंभरातल्या सत्तरांच्या वाट्याला गोळी लिहिलेली.

यावर त्यांनी उपाय केला. काठांवरची झाडी मारण्यासाठी विमानातून रसायन फवारायला लावलं. त्याचं नाव ‘एजंट ऑरेंज’. माणसाला त्यापासून धोका नाही, असं तेव्हा वरून सांगितलं जात होतं. काठ उघडे पडले, दबा धरायला जागा उरली नाही, आणि खलाशांच्या हानीचा आकडा झपाट्याने उतरला. सेनापतीच्या दृष्टीने निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. त्या बोटींपैकी एकीचा कप्तान होता त्यांचा थोरला मुलगा, तोही एल्मोच. त्याने ही नेमणूक आपणहून मागून घेतली होती. उघड्याबोडक्या झालेल्या काठांवर तो उतरला, तिथल्या पाण्याने त्याने अंग धुतलं, आणि १९७० मध्ये धडधाकट घरी आला.

त्याच वर्षी १ जुलैला झुमवॉल्ट नौदलाचे प्रमुख झाले. वय ४९. इतका तरुण प्रमुख अमेरिकेच्या नौदलाला पूर्वी मिळाला नव्हता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांच्यासाठी ३३ वरिष्ठांना बाजूला ठेवलं होतं. आधीचे लागोपाठ तीन प्रमुख वैमानिक होते. हा विनाशिकेवरचा माणूस.

पहिलं काम त्यांनी माणसांचं हाती घेतलं. लोक नौदल सोडून चालले होते. झुमवॉल्ट यांनी साऱ्या आरमाराला थेट संदेश पाठवायला सुरुवात केली. ‘झेड-ग्राम’ या नावाने ते ओळखले गेले. चार वर्षांत असे १२१ निघाले. दाढी ठेवायला परवानगी, जाचक नियमांना रजा, खलाशांच्या बायकांची गाऱ्हाणी तळाच्या प्रमुखापर्यंत नेण्यासाठी त्यांच्यातलीच एक प्रतिनिधी. कृष्णवर्णीय खलाशांना बढतीत आणि घरं मिळण्यात होणारा अन्याय दूर करण्याचा आदेश १९७० चा, आणि स्त्रियांना समान संधी देण्याचा १९७२ चा. त्याच १९७२ मध्ये ‘किटी हॉक’ या विमानवाहू नौकेवर वर्णद्वेषातून दंगल उसळली. लाड केले म्हणून शिस्त बिघडली, असा ठपका जुन्या ॲडमिरलांनी आणि काही संसद सदस्यांनी त्यांच्यावर ठेवला. रोग जुना आहे, आपण नुसती जखम उघडी केली, हे त्यांचं उत्तर होतं. डॉक्टरांच्या घरात वाढल्याचा तो परिणाम असावा.

दुसरं काम जहाजांचं. महायुद्धात बांधलेली शेकडो जहाजं एकदमच म्हातारी झाली होती. ती भंगारात काढावी लागणार आणि बदली घ्यायला तिजोरीत तेवढे पैसे नाहीत. समोर सोव्हिएत आरमार वाढत होतं. झुमवॉल्ट यांचा आराखडा सांगायला सोपा होता. थोडी जहाजं अतिशय महाग आणि समर्थ असू द्यावीत, बाकीची पुष्कळ आणि स्वस्त. कर्ज देताना बँकेतही हेच शिकवलं जातं. सगळी रक्कम एकाच बड्या आसामीला देऊन बसलं की तिच्या चिंतेने आपलीच झोप उडते.

या स्वस्त जहाजांत त्यांचं सर्वांत लाडकं होतं सागरी नियंत्रण नौका. सुमारे चौदा हजार टन वजन, पाणबुड्या शोधणारी चौदा हेलिकॉप्टरं आणि तीन ‘हॅरियर’ विमानं. किंमत दहा कोटी डॉलरच्या आसपास. एका बड्या विमानवाहू नौकेच्या पैशात अशा आठ होतील, असं त्यांचं गणित. ‘हॅरियर’ हे ब्रिटिश बनावटीचं विमान. त्याच्या इंजिनाचा झोत खाली वळवता येतो, म्हणून ते जागच्या जागी उतरू शकतं. त्याला वाफेच्या जोरावर फेकणारं कॅटापुल्ट लागत नाही की उतरताना अडवणाऱ्या तारा लागत नाहीत. अटलांटिकमधून जाणाऱ्या मालवाहू तांड्यांना या लहान नौकांनी सोबत करावी, हॅरियरनी सोव्हिएत टेहळणी विमानं पळवून लावावीत, आणि मोठ्या नौका खऱ्या घनघोर लढाईसाठी मोकळ्या राहाव्यात, असा बेत होता.

नवं जहाज बांधण्याआधी कल्पना तपासून घ्यावी म्हणून ‘ग्वाम’ हे जहाज निवडलं. ते सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जातीचं, ‘ट्रिपोली’चंच भावंड. १९७२ पासून १९७४ पर्यंत त्याच्यावर हॅरियर आणि हेलिकॉप्टरं चढवून समुद्रात प्रयोग झाले. विमानं उडाली, उतरली, हेलिकॉप्टरांबरोबर नांदली. काम होऊ शकतं, एवढं सिद्ध झालं.

तरीही नौका झाली नाही. अणुशक्तीचे पुरस्कर्ते ॲडमिरल रिकोव्हर विरोधात होते. वैमानिक ॲडमिरल विरोधात होते, आणि त्यांचं म्हणणं निव्वळ मत्सराचं नव्हतं. त्या वेळच्या हॅरियरला रडार नव्हतं, वेग आवाजापेक्षा कमी, पल्ला तोकडा आणि अपघात फार. अशी तीन विमानं घेऊन निघालेल्या जहाजावर क्षेपणास्त्रांचा मारा झाला तर त्याला वाचवायला पुन्हा मोठीच नौका धावणार. एक ना धड भाराभर चिंध्या, असा त्यांच्या आक्षेपाचा मराठीत सारांश होईल. झुमवॉल्ट १९७४ च्या जुलैत निवृत्त झाले. त्यानंतर संसदेने पैसे दिले नाहीत आणि आराखडा कपाटात गेला. त्यांच्या स्वस्त जहाजांपैकी एक मात्र तरलं. त्यांनी आखलेल्या गस्ती फ्रिगेटी पुढे पेरी वर्गाच्या नावाने जगभरात ७१ बांधल्या गेल्या.

कपाटातला आराखडा स्पेनने मागून घेतला. त्यावरून बांधलेली ‘प्रिन्सिपे दे अस्तुरियास’ १९८८ मध्ये दाखल झाली. पण त्याआधीच, १९८२ मध्ये, फॉकलंडच्या युद्धात खरी परीक्षा होऊन गेली होती. ब्रिटनकडे मोठी विमानवाहू नौका उरली नव्हती. ‘हर्मिस’ ही जुनी नौका मधली काही वर्षं कमांडो उतरवण्यासाठी वापरली जात होती. तिला पुढे चढण देऊन तिच्यावर ‘सी हॅरियर’ चढवले आणि ‘इन्व्हिन्सिबल’च्या जोडीने आठ हजार मैलांवर पाठवलं. वीस सी हॅरियरनी मोहीम सुरू झाली. ती विमानं नसती तर बेटं परत मिळाली नसती. पण या जमेसमोर नावेही पडलं. दूरवरून येणारं विमान टिपणारं उडतं रडार या नौकांवर नव्हतं, कारण ते वाहून नेणाऱ्या विमानाला मोठी नौका आणि कॅटापुल्ट लागतं. खाली पाण्याला चिकटून आलेली विमानं उशिरा दिसली, आणि ४ मे रोजी ‘शेफील्ड’ या विनाशिकेवर क्षेपणास्त्र आदळलं.

हीच ‘हर्मिस’ १९८७ मध्ये ‘विराट’ होऊन आपल्याकडे आली. मुंबई तिचं घर आणि तिच्या सी हॅरियरचा तळ गोव्यात दाबोळीला. गेटवेजवळच्या लाँचमधून तिचा तो उचललेला नाकाडा मुलांना दाखवला नाही, असा मुंबईकर बाप विरळा. विमानं २०१६ मध्ये निवृत्त झाली, नौका २०१७ मध्ये, आणि २०२० मध्ये तिला ओढून अलंगच्या भंगारगोदीकडे नेलं. आपण वापरत होतो ते हत्यार कुठल्या वादातून जन्मलं होतं, हे त्या गर्दीत क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

झुमवॉल्ट यांना मात्र तोवर दुसराच हिशेब गाठून उभा होता. १९८३ मध्ये मुलाला लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला, दोन वर्षांनी दुसरा कर्करोग. नातवाला जन्मापासूनच शिकण्यात गंभीर अडचणी होत्या. मुलाचं आणि वडिलांचं मत एकच होतं, हे एजंट ऑरेंजचं देणं आहे. ज्या आदेशाने शेकडो घरचे मुलगे वाचले, त्याची वसुली आपल्या घरातून झाली, असं मानणारा बाप आणि बापाला दोष न देणारा मुलगा. दोघांनी मिळून १९८६ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात झुमवॉल्ट यांनी पळवाट शोधली नाही. तेव्हाच्या माहितीवर तोच आदेश पुन्हा दिला असता, हे त्यांनी मान्य केलं आणि त्याचं ओझंही. बहिणीची अस्थिमज्जा देऊनही मुलगा वाचला नाही. १३ ऑगस्ट १९८८ रोजी, ४२ व्या वर्षी तो गेला.

नंतरची वर्षं त्यांनी देणं फेडण्यात घालवली. ज्या रुग्णांना घरातला दाता मिळत नाही, त्यांच्यासाठी परक्या दात्यांची राष्ट्रीय नोंदवही व्हावी म्हणून ते झटले. १९९० मध्ये त्यांनी सरकारला अहवाल दिला की एजंट ऑरेंजचा अनेक कर्करोगांशी संबंध आहे, आणि पुढच्या वर्षी आजारी माजी सैनिकांना भरपाईचा मार्ग खुला करणारा कायदा झाला. १९९४ मध्ये ते व्हिएतनामलाही जाऊन आले. २ जानेवारी २००० रोजी, ७९ व्या वर्षी, कर्करोगानेच त्यांचं निधन झालं.

त्यांचं स्वप्न मरणोत्तर मोठं होऊन परतलं. १९९१ च्या आखाती युद्धात ‘नासाऊ’ या सैनिक उतरवणाऱ्या जहाजावरून हॅरियरनी हल्ले केले. २०२२ मध्ये अशाच एका जहाजावर एफ-३५बी जातीची वीस विमानं एकदम चढवून पाहिली. हे विमान रडारला सहज न दिसणारं, आवाजापेक्षा वेगवान. आणि जहाजाचं नाव? ‘ट्रिपोली’. १९७१ च्या त्या ‘ट्रिपोली’चं नाव पुढे चालवणारं, पंचेचाळीस हजार टनांचं.

मग अशा जहाजांवर लढाऊ विमानं असावीत का? माझं उत्तर बँकवाल्याचं आहे. असावीत, पण नावेची बाजू वाचून. वीस विमानं चढली की हेलिकॉप्टरं उतरतात, आणि ज्या सैनिकांसाठी जहाज बांधलं तेच धक्क्यावर राहतात. विमानांना जागा हवी म्हणून नव्या ‘ट्रिपोली’च्या पोटातला, बोटी सोडण्याचा पाण्याचा हौद काढून टाकला होता. नौसैनिकांना तो हवाच होता, म्हणून त्यापुढच्या जहाजात परत घातला. उडतं रडार अजूनही नाही, वेग मोठ्या नौकेहून कमी. दुबळ्या शत्रूपुढे, किंवा मोठी नौका दूर असताना, अशी वीस विमानं लाख मोलाची. तुल्यबळ शत्रूपुढे तिला मोठ्या नौकेची बदली समजणं म्हणजे फॉकलंडचा धडा विसरणं. झुमवॉल्ट यांनी लहान नौका मागितल्या त्या मोठीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे. विरोधकांनी तिला मोठीच्या तराजूत तोललं आणि भक्तांनीही बहुधा तेच केलं.

२०१६ मध्ये अमेरिकेने त्यांच्या नावाची विनाशिका आरमारात घेतली. अशा ३२ बांधायच्या होत्या. खर्च इतका चढला की तिघींवरच थांबावं लागलं. एकीची किंमत चार अब्ज डॉलरच्या वर, आणि वजन सुमारे सोळा हजार टन. ज्या विमानवाहू नौकेसाठी ते आयुष्यभर भांडले, तिच्यापेक्षा त्यांच्या नावाची विनाशिका वजनदार आहे. हे पाहायला ते असते, तर सलामी घेऊन झाल्यावर बहुधा त्यांनी हळूच विचारलं असतं, की एवढ्या पैशात गस्तीची जहाजं किती आली असती.